दार बंद

बेस्टमध्ये एकवीस वर्षं मीटर वाचले मी,
जिन्याखालचे, कोळिष्टकांतले, बॅटरी तोंडात धरून.
आज परळला, एका थंड खोलीत
मिस डिमेलो माझं रीडिंग घेतायत.
केसपेपरवर डिप्रेशन लिहिलंय,
त्याचे युनिट किती, ते बघायचंय.

टेपने डोकं मोजलं, गार पेस्टने तारा चिकटवल्या.
डोळे मिटा. उघडा. मिटा.
पडद्यावर रेघा हलतात म्हणे,
म्हणजे पुरवठा चालू आहे.

शंभरातून सात वजा करत जा.
त्र्याण्णव. शहाऐंशी.
पुढे मी किती वेळ गप्प होतो
ते त्यांच्या घड्याळात आहे.

सुरुवातीला दिलेले पाच शब्द परत मागितले.
पेरू, कात्री, मामा... नदी.
पाचवा?
त्या थांबल्या, घाई न करता,
मग कागदावर चार लिहिलं.

आम्हीही लिहायचो: दार बंद.
मागच्या तीन बिलांची सरासरी लावायचो.
कधी कधी आत माणूस असायचा.
पंखा ऐकू यायचा.

बेसिनवर पेस्ट धुताना
पाणी कानात गेलं आणि आठवलं,
कुलूप.

ओल्या डोक्यानेच परत गेलो.
मिस डिमेलो पुढच्याचं डोकं मोजत होत्या.
टेप तशीच धरून म्हणाल्या,
सांगा.