पहिली मूठ

तांदूळ मोजून झाले की आई त्यातून एक मूठ काढायची.
मोजायच्या आधी नाही.
आधी काढली तर ती वरकड, म्हणायची,
आपल्याला लागतात तेवढे होऊ देत, मग त्यातले.
आमच्या मिझो बोलीत ह्याला बुहफाइ थाम म्हणतात.
तांदळाची मूठ. बस्स, नावही एवढंच.

बिस्किटांचा गंजका डबा होता, झाकणावर एक गोरी मुलगी
आणि तिच्या नाकाशी फाटलेला पत्रा.
उजवा हात डब्यात, डावा चुलीतलं लाकूड सारत,
ओठांवर प्रार्थना-बिर्थना काही नाही,
बहुतेक वेळा शेजारच्या बियाकथांगीला शिव्या.

शनिवारी मंडळीच्या बाया पोतं घेऊन
सैतुआलची चढण चढत यायच्या.
झूमचा लाल, बाजारचा पांढरा, कण्या,
कुणाच्यात खडे, कुणाच्यात किडे.
पोत्याचं तोंड बांधलं की कुणाची मूठ कुठली
ते पाळकालाही सांगता यायचं नाही.
त्यातलं मापभर बियाकथांगीकडे जातं
हे आईला पक्कं ठाऊक होतं.
भांडण झालेल्या दिवशी ती मूठ रागाने वळायची,
आणि रागाच्या मुठीत जरा जास्तच मावतं.

मी नऊ वर्षांची असताना आई तापाने पडली.
मूठ माझ्याकडे आली.
मी बोटं सैल सोडायची, अर्धे दाणे परत टोपात.
डब्याचा आवाज बदलला असणार.
भिंतीकडे तोंड करूनच आई म्हणाली,
तुझा हात लहान आहे. दोनदा घाल.

मग डोंगरभर बांबू फुलला.
त्या फुलांमागून उंदीर आले
आणि एका रात्रीत शेत कातरून पुढच्या डोंगराला गेले.
रानातले कंद उकडले, तेही कडू.
डबा फळीवर उपडा.

एका शनिवारी पोतं आमच्या दाराशी थांबलं,
या वेळी भरायला नाही, ओतायला.
खालच्या गावांतल्या मुठी, जिथे उंदीर पोचले नव्हते.
माप धरायला बियाकथांगी.
ती काही बोलली नाही. आईही नाही.
चार मापं ठरलेली. पाचवं तिने
दुसरीकडे बघत ओतलं.

आई बराच वेळ सुपापाशी बसून राहिली,
दाण्यांतून बोट फिरवत. लाल, पांढरा, कणी.
मला वाटलं रडेल, किंवा उठून परत करून येईल,
तेवढी मानी होती.
तिने रात्रीपुरते मोजले.
फळीवरचा डबा सरळ केला.
रिकाम्या पत्र्यावर तांदळाचा आवाज
किती मोठा होतो, ते त्या दिवशी कळलं.
मी तिचा हात धरला होता. तिने तो नुसता सोडवून घेतला.

आता ऐजॉलला कुकर आहे, प्लास्टिकचा कप आहे,
माझा हात तिच्याएवढा कधीच झालाय.
तरी मी दोनदा घालते.
बोटं अजून सुटतात.