रकाना नऊ

तहसिलीच्या भिंतीला टेकून माझं टेबल,
एक पाय आखूड, त्याखाली विटेचा तुकडा.
अर्जाचे तीस रुपये, झेरॉक्स वेगळी.
मे महिन्यात बारानंतर
स्टॅम्पपॅड अर्ध्या तासात सुकतं,
त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकत होतो
तेव्हा आली पंचफुला सुखदेवे, पाचपावलीहून पायी,
डोक्यावर ओला दुपट्टा,
काखेत प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत एवढे कागद
की त्यात एक बाई सहज हरवावी.

नवरा मॉडेल मिलात. रिंग खातं, बदली.
म्हणजे रोज पहाटे गेटवर उभं राहायचं,
कोणी आलं नाही तर त्याच्या जागी आत.
दुसरे आजारी पडले म्हणून बावीस वर्षं
त्यांची चूल पेटली.
मिल बसली तेव्हा पटावरच्यांना
काहीबाही मिळालं, उशिरा का होईना.
ह्याचं नाव समासात, पेन्सिलीनं.
पेन्सिल कोणाला खोडावी लागत नाही.

"घरात कमावतं कोण?"
मी विचारतो, कारण रकाना विचारतो.
"पोरगा हाय, बुटीबोरीले."
"पैसे देते?"
"त्याले त्याचंच पुरत नाही, बापू."
पण मुलगा सज्ञान आहे,
आणि अर्जाला एवढं पुरतं.
तीन वर्षांत एकदा आला होता तो,
पाण्याच्या टाकीचं झाकण बसवून गेला.

माझी धाकटी समाजशास्त्र शिकते.
रात्री कूलरच्या आवाजावर ओरडून वाचते:
एका देशात जो वर्गणी भरतो त्याला,
एकात जो गरिबी सिद्ध करतो त्याला,
एकात नुसता जन्मला म्हणून.
आणि आपल्याकडे गं?
ती म्हणाली, बाबा, तिन्हीची थोडी थोडी दारं आहेत,
मधे बरीच भिंत.
मी काही बोललो नाही.
त्याच भिंतीला माझं टेबल टेकलेलं आहे.

बिड्या वळते. दिवसाला सातशे, हात चालला तर.
हजारी दराने मी वर्षाचा हिशेब केला,
पावसाळ्यात पान येत नाही ते वजा केलं,
तापाचे दिवस वजा केले.
मर्यादेपेक्षा अकराशे रुपयांनी
पंचफुलाबाई श्रीमंत निघाली.
तिला हे सांगितलं तर ती हसली,
तंबाखूनं पिवळे झालेले दात दाखवून, मनापासून.
"सांग न बाप्पा माह्या मोहल्ल्यात."

समोर पाणपोई. लाल माठ, वाळ्याचा वास.
मी म्हटलं, पाहा मावशी,
तिथं उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत.
मला वाटलं, धाकटीपेक्षा सोपं करून सांगितलं.
ती तिकडे बराच वेळ पाहत राहिली.
"आता नाही मागत.
माही माय सांगे, पयले ओंजळ पाहून वतत.
किती उंचावरून धार येते,
तेच्यावरून आपण कोण ते समजे."

रकाना नऊ: उदरनिर्वाहाचे साधन.
काय लिहू?
"हाय, असं लिवा."
हाय म्हणजे काय, मावशी, काय आहे?
ती पिशवीची गाठ मारत होती.
"मीच हाव ना."

अकराशे रुपये मी खोडले.
तेवढं खोटं ह्या टेबलावर रोजचंच.
मग अंगठा.
ओलं केलेलं पॅड, तिचा अंगठा,
मी धरून दाबला, सवयीनं, जरा जोरातच.
कागदावर निळा गोल उमटला,
आत एकही रेघ नाही.
पुन्हा दाबला. पुन्हा तसाच.
आत मशीनसमोर काय होईल
ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तिनं कनवटीचे तीस रुपये काढले,
दहादहाच्या तीन नोटा, टेबलावर मोजून ठेवल्या.
मी घेतल्या.