बांगड्यांखालची कातडी

फॉर्मवर रुग्णाचं नाव लिहायचं नसतं,
फक्त आद्याक्षरं.
म्हणून शेवंती मेथर, वय छप्पन, राहणार तारामुंबरी,
पहिल्याच ओळीत शे. मे. झाली.

ऑक्टोबरची दुपार. ओपीडी संपत आलेली.
मी औषधांच्या खिडकीत पट्ट्या मोजत होतो.
तिनं दोन्ही हात आत सरकवले,
केसपेपर द्यावा तसे.
बोटांपासून कोपरापर्यंत लाल, सुजलेले,
जागोजागी पाणी धरलेले फोड,
आणि मनगटावर, आखल्यासारख्या,
हिरव्या काचेखालच्या चार फिकट, शाबूत रेघा.

डॉक्सीसायक्लीन. मीच दिली होती, पाच दिवसांपूर्वी.
मळ्यातल्या चिखलातून आलेला ताप, लेप्टोचा संशय,
सकाळ-संध्याकाळ एक,
जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर.
एवढंच सांगितलं होतं मी.
ऊन हा शब्द तोंडात आला होता.
रांग लांब होती.

डॉक्टर तिरोडकर म्हणाले, उन्हानं भाजलीय,
गोळी बंद, मलम दे. कागद कशाला?
उद्या जिल्ह्यावरून फोन, कुणाची चूक म्हणून.
मी म्हटलं, चूक असा रकानाच नाही त्यात,
संशयित एवढंच विचारतात.

म्हटलं खरं.
पण तीन वर्षांपूर्वी एका पोराच्या अंगावर
इंजेक्शननंतर गांधी उठल्या, तासाभरात बसल्या,
आई त्याला खांद्यावर टाकून घेऊन गेली.
मी काही लिहिलं नव्हतं.
पुढं कुठल्या दवाखान्यात कुणी त्याला
तेच पुन्हा टोचलं का, मला माहीत नाही.
ते माहीत नसणं
खणात आहे, कोऱ्या फॉर्मांच्या खाली.

बॅच नंबर पट्टीच्या नेमक्या त्या टोकाला असतो
जिथून लोक पहिली गोळी काढतात.
शेवंतीनं कनवटीतून पट्टी काढली,
चार गोळ्या उरलेल्या, नंबर जागेवर,
त्यावर चिकटलेलं एक खवलं.
मी ते नखानं काढलं.

मग गुणांचे प्रश्न.
औषधानंतर झालं का? हो, दोन.
पूर्वी कुणी नोंदवलंय? हो, एक.
दुसरं काही कारण असू शकतं?
असेल तर उणे एक, नसेल तर अधिक दोन.
डॉक्टरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"ह्यां ऊन?" शेवंती म्हणाली.
"ह्यां ऊन माका परकरात आसल्यापासून वळाखता.
पन्नास वर्सां बांगडे सुकत घालतंय पुळणीत,
कधी हात लावूक नाय माका."

पंखा फिरत होता.
डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं
आणि पेन माझ्याकडे सरकवलं.
अधिक दोन.

खाली अन्य माहिती, जागा दोन ओळींची.
तिथं लिहिलं: बांगड्यांखालची त्वचा अबाधित.
आणि थांबलो. याहून जास्त पुरावा
मी कधी कशाचा पाहिला नव्हता.

दहा दिवसांनी वरून उत्तर आलं,
एक लांबलचक नंबर, खाली आभार.
त्याच आठवड्यात शेवंती आली,
सालं गेलेल्या हातांवर सोललेल्या कोलंबीसारखी कातडी.
रकान्यात खूण केली: बरी होत आहे.
"माजा नाव खंय गेला?"
नाव नाही गेलं, म्हटलं. दोन अक्षरं, हात आणि बांगड्या.
ती विचारात पडली.
"बांगड्यांचे बांगडे करून वाचूचे नायत मा थय कोण?"

तेव्हापासून या गोळीच्या पाकिटावर
मी एक सूर्य काढतो, त्यावर फुली.
चित्रकला बेताची; कुणाला ती कोळ्याची जाळी वाटते,
कुणाला फुटलेलं अंडं.
काल भिवा राणे पाकीट फिरवून फिरवून बघत म्हणाला,
"मगे भात काय रातचा कापू?"

पूर्ण बाह्यांचा सदरा, म्हटलं. डोक्याला मुंडासं,
मानेवरून पंचा. हात झाकून.
फोड आला तर ही पट्टी घेऊन ये, टाकू नको,
आणि गोळी काढायची ती या टोकाकडून.
तो ऐकत होता.
मागची रांग खोकत होती.