डायब्युकेन नंबर

रविवार कारंजाजवळच्या त्या छोट्या दवाखान्यात
रात्री साडेनऊला आला मुकुंद वडके,
तांबट आळीतला, वय एकेचाळीस,
घशात मटणाचं हाड.
दहा मिनिटांचं काम, मी एस्तेर सिस्टरला म्हटलं,
घरी जाऊन खिचडी टाकेन.

स्कोलीन दिलं.
पापण्या फडफडल्या, पिंढऱ्यांतून एक लाट गेली नि विरली.
हाड निघालं, बोटाच्या पेराएवढं.
सर्जन हात धुऊन स्कूटरवर बसले.
पाच मिनिटं. सात. अकरा.
छाती हलेना.

स्कोलीन स्नायूच्या दाराशी जातं, कडी वाजवतं,
आणि कडीवरचा हात काढतच नाही.
एरवी बहुतेक सगळं वाटेतच कापलं जातं,
रक्तात एक विकर असतं, यकृतात घडलेलं,
ब्युटिरिलकोलीनएस्टरेज.
जीभ अडखळली तर लोणी आठवा, मी पोरांना सांगते,
खवट लोण्यातल्या आम्लाचं नाव आहे त्यात.

थोरला भाऊ मज्जातंतूंच्या टोकाशी नोकरीला,
त्यानं एक तास रजा घेतली तर माणूस संपला.
हा धाकटा रक्तात नुसता हिंडतो.
शरीराला कशाला हवा, नीट कुणालाच ठाऊक नाही.
काहींच्यात तो जन्मापासूनच मोडका,
ती माणसं लग्नं करतात, घागरी घडवतात,
नव्वदीत पत्ते कुटतात,
काही कळत नाही.
कळतं ते अशा एखाद्या रविवारी.

व्हेंटिलेटर नव्हता. पिशवी होती, माझा हात होता.
झोपेचं औषध चालू ठेवलं,
कारण सगळे स्नायू थांबले तरी कान थांबत नाहीत.
दारात त्याची बायको: श्वास का घेत नाहीत हे?
घेतील, म्हटलं. तोवर माझ्या हातानं घेतायत.

मेहुणा तिथेच उकिडवा बसून बोलत राहिला,
बहुतेक मला झोप लागू नये म्हणून:
घागरीला हजारांवर ठोके, मॅडम,
मधेच हात सोडला की पत्रा रुसतो.
मी मोजत होते. मिनिटाला बारा.
दोन हजारांनंतर आकडा हरवला,
एस्तेर सिस्टरनं पिशवी घेतली, मग परत मी.
यावर दुसरं औषध नाही. वाट पाहणं, एवढंच.

दोन वाजून दहा मिनिटांनी
पिशवी माझ्या मुठीतून किंचित ओढली गेली,
लहान मुलानं पदर ओढावा तशी.
मी सिस्टरकडे पाहिलं. तिनं क्रूस केला.

बारा दिवसांनी मुंबईहून चिठ्ठी आली.
डायब्युकेन नंबर: वीस.
ऐंशी असायला हवा.

मग त्याच्या भावंडांना बोलावलं. तिघांचं ठीक.
धाकटी, रुक्साई, पिंपळगावला द्राक्षबागेत फवारणीला.
तिला तीन वर्षं दर शिबिरात सांगत होते,
विष भिनलंय, महिनाभर घरी बस.
कारण हे विकर फवाऱ्याला स्वतःवर झेलतं,
एका कणाला एक, आणि त्यातच संपतं,
म्हणून ते कमी दिसलं की बागेतलं विष मोजलं असं समजायचं.
तिच्यात ते उपजतच कमी.
तिची हजेरी कुणी भरून दिली नाही.
आणि तरी मी तिला सांगितलं, तू फवारू नकोस,
तुझी ढाल पातळ आहे.
ती म्हणाली, मग पॅकिंगला लावा म्हणून लिहून द्या.
दिलं.

दोघांना कार्ड दिली: स्कोलीन देऊ नये.
कार्ड भिजतं, म्हणून मुकुंदनं
तांब्याच्या दोन चकत्यांवर तेच शब्द ठिपक्याठिपक्यांनी ठोकले,
एक त्याच्या गळ्यात, एक बहिणीच्या.
मला दिला पेला.
त्याच्या कडेला एक पोचा आहे.
विचारलं तर ओशाळला: तिथं हात थांबला होता.

रोज सकाळी पाणी त्यातूनच पिते,
ओठ त्या पोच्यालाच लागतो.