पाइपवरचा चमचा

ग्युम्रीत तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी
रशियाला गेले, पियानो ठेवून.
जिन्यातून उतरेना.
शुशानिकनं स्वतःचं दार काढलं, तेव्हा तो आत आला.

पहाटे तीनला भट्टी, दुपारी हा.
पट्ट्यांवर खडूचे आकडे;
पिठाळ बोटांनी तेही पुसट.
कणीक मळताना दोन्ही हात सख्खे,
इथे डावा सावत्र:
उजवा चार पावलं पुढे गेला तरी
हा उंबऱ्यात बूट शोधतोय.

वरचा फा मुका आहे.
तिथे ती तोंडानंच म्हणते, फा,
आणि पुढे जाते.

खालचा हामाझास्प
पाइपवर चमचा आपटायचा.
तिला वाटे, म्हातारा गोंगाटाला विटलाय.
मार्चमध्ये कधीतरी ध्यानात आलं,
बरोबर वाजलं की तो गप्प असतो.

मग अडलं की
ती असंही वाजवून बघायची, तसंही,
आणि कान पाइपला.

आज चुकलं. खालून काही नाही.
मुद्दाम चुकवलं.
दोन्ही तळहात आपटले पट्ट्यांवर.

लवाश फडक्यात गुंडाळून
आता तीच उंबऱ्यात
बूट शोधतेय.