ठेका

शब्द कुठे दाबायचा, ते पुस्तकात लिहिलेलं नसतं.
मी वर्गात प्लास्टिकचं कॅरेट उपडं घातलं,
गुमानच्या बापाने केळीच्या कापणीवरून आणलेलं,
कडांना चीक काळा पडलेला,
आणि बोटांनी वाजवलं:
ति धूं ति.
बनाना.
मधला ठोका जड. बाजूचे दोन नुसते टेकायचे,
निजलेल्या पोरावरून हात काढून घ्यावा तसे.

आठवडाभर पाचवीचा वर्ग बनाना होता.
टोमॅटो तसाच निघाला, पोटॅटोही.
एलिफंट उलटा, पुढचा पाय आधी आपटणारा.
'आय वॉन्ट टू गो' मधला टू कुणाला ऐकूच येईना.
बरोबर आहे, म्हटलं, तो गिळायचाच असतो.
पालच्या चढावर रावेरचा ट्रक गिअर बदलायचा
आणि त्याच्या धापेवर आम्ही म्हणायचो
वॉक्ट, कुक्ट, लुक्ट, वॉश्ट.
मुख्याध्यापक डोकावले: 'वरात आहे का?'
'हो सर. अजून हळदच चालू आहे.'

रुमली वाजवायची नाही.
भिंतीला पाठ लावून ओठ तेवढे हलवायची.
शुक्रवारी मधल्या सुट्टीत आली
आणि सरळ कॅरेटवर बसली.
'सर, मराठीला ठेका नसतो?'
म्हणजे?
'पहिलीत बाई म्हणायच्या, याला पाणी म्हण, याला केळं म्हण.
तेव्हा पण मला काही कळत नव्हतं.
तेव्हा कोणी वाजवलं नाही.'

मी खडूची बोटं पँटला पुसत राहिलो.

मला ळ येत नव्हता.
आमच्या अमळनेरकडच्या गावात केळ्याला केय म्हणायचे,
आई, काकू, दुकानदार, सगळेच.
गुरुजींनी पाटीभर लिहायला लावलं: कमळ, बाळ, केळं.
जीभ मागे वळली ती वळलीच.
आता आईशी फोनवर बोलताना मध्येच ळ येतो
आणि ती क्षणभर गप्प होते,
दुसऱ्याच कुणाला फोन लागल्यासारखी.

'तुमच्या घरी काय म्हणतात?' मी विचारलं.
तिने सांगितलं.
मी तसंच म्हटलं.
'नाय.'
परत म्हटलं.
'नाय सर.'
मग ती खाली उतरली, गुडघे टेकले,
आणि दोन्ही तळव्यांनी कॅरेट वाजवलं,
होळीच्या बाजारात ढोल वाजतो तसं, पण हळू,
समोरच्याला कमी ऐकू येतं हे धरून.
जड ठोका मला वाटला तिथे नव्हताच.
तिसऱ्यांदा चुकलो तेव्हा ती हसली.
'वन्स मोर,' म्हणाली,
'मोर'वर बरोब्बर दाब देऊन.

घंटा झाली. पोरं आत घुसली, कॅरेटभोवती जमली.
गुमान मात्र दारातच थांबला.
त्याने तो शब्द ऐकला होता, त्याच्या घरचा,
माझ्या तोंडून, मोडकातोडका.

'सर,' त्याने विचारलं,
'हा परीक्षेला आहे?'