सहावं घर

डायनिंग टेबलावर कालचा पेपर,
निविदा आणि उठावण्यांचं पान वर.
पंखा बंद, नाहीतर चिंध्या उडतात.
काडतुसं आतल्या खोलीत, कपाटात. किल्ली गळ्यात.
मोडून पाहिली, रिकामी. पुन्हा पाहिली.
मग करंगळी घालून, एकेक घर, आंधळ्यासारखं.
रिकामी.
चल, आता तोंड उघड.

एकतीस वर्षं मी लष्करात दात काढले.
लष्कर म्हणजे फौज नव्हे हो, आमचं ग्वाल्हेरचं लष्कर,
दौलतगंजातला अरुंद जिना,
वर पाटी: डॉ. सुलभा हर्डीकर, दंतचिकित्सा.
पेशंट खोटं बोलतो, हे पहिल्याच वर्षी कळलं.
"सुपारी? कभी नहीं."
दात बोलत नाही,
पण त्याला लपवताही येत नाही.

ही कानपूरची, बत्तीस बोअरची.
आकडा ऐकून हसू आलं होतं मला.
मोरारच्या भदौरिया बाईंकडून घेतली.
यजमान गेले, मुलगा पुण्याला, त्याला नको.
"डॉक्टर साहब, एक बार भी नहीं चली.
दशहरे को पूजा में रखते थे, बस."
चहा दिला, वर गजक.
कागदांवर सही करताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

चापाच्या कड्याला सुतळीने बांधलेली
मालखान्याची चिठ्ठी अजून आहे,
कुठल्याशा निवडणुकीच्या आचारसंहितेतली.
ती कापली.
मुठीच्या स्क्रूपाशी लाल काहीतरी. गंज?
प्रोब घातला, टोकाला कुंकू आलं,
आणि अर्धा तांदूळ, पिवळा पडलेला.
म्हणजे पूजा खरी.

नळी धुतली मागून पुढे, पितळी ब्रशने.
जुन्या एप्रनच्या चौकोनी चिंध्या:
पहिली काळी, दुसरी हिरवट,
तिसरीला काही म्हणायचं नव्हतं.
आठवी पांढरी आली तेव्हा
मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरलं,
नखावर टॉर्च,
आणि पुढून पाहिलं:
पेच वळत गेलेले, स्वच्छ, चकचकीत,
शंखाच्या आत असतं तसं.
एक बारीक खड्डा. कीड नाही, डाग.
तोंडात ठेवायचा आरसा इथेही चालतो,
बत्तीस वर्षांचा असला तरी.

मग चक्रीची घरं पुसली.
एक, दोन, तीन, चार, पाच,
नव्या कपासारखी.
सहाव्यात चिंधी अडकली.
काढली तर काजळ.
चक्रीच्या कपाळावर, त्याच एका घराभोवती,
राखेचं कडं,
रॉकेलने फिकं झालं, गेलं नाही.

एकदा.

लग्नात, वरातीत, आकाशात?
इकडे चालतं ते, बंदी आली तरी.
पुतण्याने हट्ट केला असेल.
गच्चीवर माकडं.
किंवा कुणालाच न सांगता, शेतावर, नुसतं पाहायला,
चालते का.
यजमान कशाने गेले, मी विचारलं नव्हतं.
विचारतं का कुणी, गजक खाताना?

घोडा हळूहळू मागे ओढला,
चक्री अडकते का, घरागणिक.
टक. टक. टक. टक. टक.
सहाव्याला टक आली, पण उशिरा,
आणि बोटाने हलवलं तर हलली,
सुई मावेल एवढी.
हलणाऱ्या दातावर मी कधी टोपी बसवली नाही.
उद्या नफीस उस्तादांकडे. रेंजवर जाणं नंतर.

शिलाई मशीनचं तेल, एक थेंब बिजागरीला,
एक चापाला. जास्तीचं पुसून घेतलं.
हात धुतले. पुन्हा धुतले.

भदौरिया बाईंना फोन लावला.
बराच वेळ वाजला.
"ठीक तो है न, डॉक्टर साहब? कोई खराबी?"
आवाज घाईचा, खुर्चीत बसतानाच
"दुखेल का" विचारणाऱ्यांचा असतो तसा.

"नली साफ है," मी म्हटलं.
नळीचं मी खरंच सांगितलं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
दोघींनी ती पुरी होऊ दिली.